दुर्बीण आणि धीर

लघवीच्या पिशवीत नळी घालून डॉक्टरांनी आतले पाहिले की आपण मराठीत म्हणतो, "दुर्बीण टाकली." शब्द फारसीतून आलेला. दूर म्हणजे लांब, बीन म्हणजे पाहणारा. समुद्रावरची गलबते आणि आकाशातले तारे पाहायच्या वस्तूचे नाव वीतभर अंतरावरच्या स्वतःच्याच शरीराला कसे चिकटले, याची मला पूर्वी गंमत वाटे. आता वाटत नाही. ते वीतभर अंतर ओलांडायला माणसाला शेकडो वर्षे लागली आणि त्या प्रवासाची किंमत बरीचशी रुग्णांनी मोजली, हे हळूहळू वाचनातून कळत गेले. आज त्याविषयी लिहितो आहे. विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे, हे मान्य. पण न बोलल्याने, किंवा भलतेच बोलल्याने, काय होते ते मी जवळून पाहिले आहे. म्हणून लिहिणे भाग आहे.

मी निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्याच वर्षी माझ्या लघवीतून रक्त गेले आणि ही तपासणी माझ्या वाट्याला आली. इस्पितळाचे नाव सांगत नाही. तिथली माणसे वाईट नव्हती, घाईत होती. थंडगार खोली, पाय वर अडकवलेले, दार अर्धवट उघडे, आणि माझ्या अंगावरून दोघांच्या आपसात चाललेल्या गप्पा. काय करणार, किती वेळ लागणार, कुठे दुखेल, कोणी काही सांगितले नाही. "सैल सोडा काका, सैल सोडा" एवढेच काय ते. फळ्यासमोर थरथरणाऱ्या मुलावर "घाबरतोस काय!" म्हणून खेकसणारे मास्तर मी पाहिले आहेत. कधी कधी तो मास्तर मीच असे. त्या टेबलावर मला ती मुले आठवली. तपासणी पाच-सात मिनिटांत संपली. काळजीचे काही निघाले नाही, प्रोस्टेट वाढल्याने रक्त गेले होते. दोन दिवस लघवीला आग होत होती. मनातली आग मात्र पुष्कळ दिवस राहिली.

त्याच आठवड्यात आमच्या कट्ट्यावर मी हा प्रसंग तिखटमीठ लावून सांगितला. शिक्षकाला गोष्ट रंगवायची खोड असतेच. सगळे पोट धरून हसले. ऐकणाऱ्यांत आमच्याच शाळेतले गणिताचे सर होते. त्यांच्याविषयी पुढे येईलच.

मूत्राशयाच्या तपासणीची गोष्ट सुरू होते मुतखड्यापासून. क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा. त्याआधी पिशवीत खडा आहे की नाही हे कळायला वैद्याजवळ दोनच साधने होती, बोट आणि सळई. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात अश्मरीवर एक अध्याय आहे. एका दणकट माणसाला फळीवर बसवायचे, त्याच्या मांडीवर रुग्णाला उताणे टेकवायचे, गुडघे आणि कोपरे दुमडून कापडाने बांधायचे, आणि वैद्याने डाव्या हाताची तेल लावलेली बोटे गुदद्वारातून घालून खडा चाचपायचा, असे सगळे वर्णन त्यात आहे. उपचार केला नाही तर मृत्यू नक्की, केला तर वाचेल की नाही याची शंका, म्हणून आधी धन्याची परवानगी घ्यावी, असेही ग्रंथकार बजावतो.

या वर्णनात एक लहानसा शब्द आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. सगळी साधने हाताशी घेऊन झाली, रुग्णाला अजून फळीवर घेतलेले नाही, अशा जागी तो येतो. "आश्वास्य." म्हणजे धीर देऊन. तेल लावणे, बांधणे, चाचपणे यांच्याच रांगेत धीर देणे हीसुद्धा एक कृती म्हणून नोंदवली आहे. भूल देणारे औषध नसलेल्या काळातल्या वैद्याला हे ठाऊक होते. माझ्या वेळच्या त्या थंड खोलीत औषधे पुष्कळ होती, हा शब्द तेवढा नव्हता.

युरोपात बोटाच्या जोडीला सळई आली. टोकाशी वाकवलेली धातूची सळई मूत्रमार्गातून पिशवीत सरकवायची आणि हळूहळू फिरवायची. खड्यावर आपटली की टक् असा आवाज होई किंवा हाताला धक्का जाणवे. म्हणजे रोगाचे निदान डोळ्यांनी नव्हे, कानांनी आणि हाताने. पुरुषाचा मूत्रमार्ग साधारण अठरा ते वीस सेंटिमीटर लांब आणि वाकणे घेत गेलेला. त्यातून सरळ, ताठ धातू न्यायचा म्हणजे ती वाकणे जबरदस्तीने सरळ करायची. ईथरची भूल १८४६ साली आणि क्लोरोफॉर्मची १८४७ साली आली. तोपर्यंत हे सारे शुद्धीत चाले.

शुद्धीत चाले म्हणजे काय, याची साक्ष देणारी दोन माणसे इतिहासात आहेत. एक लंडनचे रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स. २६ मार्च १६५८ रोजी त्यांच्या मूत्राशयातला खडा कापून काढला. ते वाचले, खडा त्यांनी जपून ठेवला आणि पुढे त्या तारखेला आप्तेष्टांना जेवायला बोलावण्याचा परिपाठ ठेवला. दुसरे फ्रान्सचे संगीतकार मारां मारे. १७२५ साली छापलेल्या आपल्या वादनसंग्रहात त्यांनी खड्याच्या शस्त्रक्रियेवर एक छोटी रचना घातली आणि स्वरांच्या जोडीला प्रत्येक पायरी शब्दांत लिहिली. हत्यारे दिसताच उठणारा थरकाप, टेबलावर चढणे, रेशमी दोरांनी हातपाय बांधणे, काप, चिमटा, खडा ओढताना जवळजवळ बंद पडलेला आवाज, आणि शेवटी अंथरुणावर नेणे. हा सगळा प्रकार संगीतात! विचित्र वाटते खरे. पण एक लक्षात घ्या. या रचनेची सुरुवात सुरीपासून होत नाही, हत्यारे दिसल्यावरच्या भीतीपासून होते. दुखण्याआधीची भीती हाही दुखण्याचाच भाग आहे, हे त्या संगीतकाराला कळले होते.

दुखू नये म्हणून काही करावे ही इच्छा पुष्कळदा डॉक्टरांच्या आधी घरच्या माणसांना झाली. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन आपल्याला विजेच्या प्रयोगामुळे आणि स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यामुळे माहीत असतात. त्यांचे थोरले भाऊ जॉन यांना मूत्राशयाचा त्रास होता आणि वारंवार नळी घालावी लागे. ताठ नळीने त्यांचे हाल होत. १७५२ साली फ्रँकलिन चांदीकाम करणाऱ्या कारागिराशेजारी बसले आणि त्याच्याकडून एक वाकणारी चांदीची नळी करवून घेतली. ती त्यांनी भावाला पत्रासह पाठवली. पुढे रबर टिकाऊ करण्याची युक्ती सापडली आणि १८६० च्या सुमारास पॅरिसचे शल्यवैद्य ओग्युस्त नेलातों यांनी मऊ लाल रबराची नळी प्रचारात आणली. साधी नळी घालायची तर आजही इस्पितळात त्यांच्या नावाची नळी मागतात. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

खडा काढण्यातही मोठी सुधारणा झाली होती. १८२४ साली पॅरिसला झां सिव्हियाल यांनी पोट न कापता, मूत्रमार्गातूनच हत्यार घालून खडा फोडून दाखवला. पुढे त्यांनी दोन्ही पद्धतींचे आकडे गोळा करून मांडले. कापून काढण्यात शंभरातले अठरा-एकोणीस दगावत, फोडून काढण्यात दोनच्या आसपास. पण खडा असो की गाठ असो, आत काय आहे ते कोणाला दिसत नव्हते. सगळा कारभार अंधारात.

तो अंधार घालवायची पहिली धडपड फ्रँकफर्टचे डॉक्टर फिलिप बोझिनी यांची. त्यांनी कातड्याने मढवलेले एक पत्र्याचे उपकरण तयार केले. आत मेणबत्ती, तिच्या मागे आरसा, पुढे शरीराच्या वेगवेगळ्या द्वारांसाठी वेगवेगळ्या नळ्या. नाव ठेवले "प्रकाशवाहक". १८०६ साली व्हिएन्नाला त्याची चाचणी झाली. तिथल्या लष्करी वैद्यक अकादमीचे मत बरे होते, विद्यापीठाच्या वैद्यक विभागाने नाके मुरडली. उजेड अपुरा आणि दिसे जेमतेम बोटभर जागा. बोझिनी १८०९ साली साथीच्या तापाने पस्तिसाव्या वर्षीच गेले. ते उपकरण आज व्हिएन्नात जपून ठेवले आहे.

त्यानंतरचे नाव पॅरिसच्या आंतोनें देझोर्मो यांचे. १८५३ साली त्यांनी आपले उपकरण तिथल्या वैद्यकांपुढे ठेवले. त्यात मेणबत्तीऐवजी मद्यार्क आणि टर्पेंटाइन यांच्या मिश्रणावर जळणारा दिवा होता. एंडोस्कोप हे नाव त्यांनीच रूढ केले. उजेड पहिल्यापेक्षा चांगला पडला. पण जळता दिवा रुग्णाच्या दोन मांड्यांच्या मध्ये! दिवा तापे आणि भाजण्याचे प्रकार घडत, कधी रुग्णाची मांडी, कधी डॉक्टरांचा चेहरा. कल्पना करा मंडळी, आत धातूची नळी आणि बाहेर पेटता दिवा. अशा वेळी "सैल सोडा" म्हणणे किती सोपे आणि सोडणे किती अवघड असेल!

या भीतीने काय घडू शकते त्याचे उदाहरण याच पॅरिसमध्ये, थेट राजवाड्यात सापडते. सम्राट तिसरा नेपोलियन बरीच वर्षे लघवीच्या त्रासाने बेजार होता. १८७० च्या जुलैच्या सुरुवातीला पाच नामांकित डॉक्टर त्याला तपासायला जमले. त्यांच्यातले जेर्में से यांनी खडा असल्याचा स्पष्ट संशय लेखी मांडला आणि सळई घालून मूत्राशय तपासावे असे सुचवले. ती तपासणी झाली नाही. त्या अहवालावर सही एकट्या से यांचीच राहिली. त्या पाचांत मऊ रबरी नळीचे जनक नेलातों हेही होते. त्याआधीच्या वर्षी युद्धमंत्री मार्शल नील खड्याच्या शस्त्रक्रियेनंतर दगावले होते, ती आठवण सर्वांच्या मनात ताजी होती. सम्राटाला हात लावायचा कोणी?

१९ जुलैला फ्रान्सने प्रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. हा आजारी माणूस घोड्यावर बसून रणांगणावर गेला. मूत्राशयात खडा असताना घोड्यावर बसणे म्हणजे काय ते ज्याला मुतखडा झाला आहे त्याने समजावे. सप्टेंबरच्या सुरुवातीला सेदानला शरणागती झाली. युद्ध खड्यामुळे हरले असे म्हणणे हा बालिशपणा होईल, त्याची कारणे पुष्कळ होती. पण जी तपासणी जुलैत टळली ती अखेर १८७२ च्या डिसेंबरात इंग्लंडात, चिझलहर्स्टच्या घरी, क्लोरोफॉर्म देऊन झाली. खडा मोठा निघाला. इंग्लंडचे नामवंत शल्यवैद्य हेन्री थॉम्प्सन यांनी जानेवारीत दोन वेळा तो फोडला. तिसऱ्या वेळेची तयारी होती त्याच दिवशी, ९ जानेवारी १८७३ रोजी, सम्राट गेला. शवविच्छेदनात खड्याचा मोठा भाग अजून आतच होता. अडीच वर्षे आधी तपासणी झाली असती तर तो वाचला असता का, हे सांगता येत नाही. मात्र ज्याच्या पदरी देशातले उत्तम डॉक्टर होते त्यालासुद्धा रोगाच्या इतकीच तपासणीची धास्ती भोवली, एवढे निश्चित म्हणता येईल.

आता निट्झे यांच्याकडे येऊ. माक्सिमिलियन निट्झे हे जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे तरुण डॉक्टर. बाहेरून दिवा दाखवून उपयोग नाही, खोली उजळायची तर दिवा खोलीत न्यायला हवा, हा त्यांचा साधा विचार. ब्रेस्लाउचे एक दंतवैद्य ब्रुक यांनी प्लॅटिनमची तार विजेने तापवून तिच्याभोवती थंड पाणी खेळवण्याची कल्पना आधीच मांडली होती. निट्झे यांनी तशी तार नळीच्या टोकाशी बसवली आणि नळीत भिंगांची रांग घातली, अगदी दुर्बिणीसारखी. म्हणजे आपला मराठी शब्द इथे चपखल बसतो! १८७७ साली त्यांनी ड्रेस्डेनला मृत शरीरावर प्रयोग दाखवला आणि १८७९ साली व्हिएन्नाचे उपकरणकार योसेफ लाइटर यांच्यासह सुधारलेले यंत्र डॉक्टरांच्या सभेपुढे ठेवले. त्याच वर्षी एडिसनचा विजेचा दिवा आला आणि दहा वर्षांच्या आत त्याचा चिमुकला भाऊ निट्झे यांच्या नळीच्या टोकाशी जाऊन बसला. पाण्याच्या नळ्यांची कटकट संपली. १८९४ साली तर निट्झे यांनी मूत्राशयाच्या आतल्या छायाचित्रांचा संग्रहच छापला.

डॉक्टरांचा अंधार फिटला. रुग्णाच्या बाजूने काय बदलले? धातूची ताठ नळी तशीच राहिली, सुमारे सात मिलिमीटर जाडीची. आतले नीट दिसावे म्हणून पिशवीत पाणी भरावे लागे, ते आजही भरतात. त्यामुळे आता लघवी होऊन जाईल की काय, या भावनेने माणूस कासावीस होतो. वेदनेपेक्षा पुष्कळांना हीच भावना जास्त छळते, कारण तिच्यात लाज मिसळलेली असते. स्त्रियांचा मूत्रमार्ग चारेक सेंटिमीटरचाच, म्हणून त्यांना दुखणे कमी, असे पुस्तके सांगतात. पण १८९३ च्या सुमारास अमेरिकेचे हॉवर्ड केली स्त्रियांना गुडघे आणि छाती टेकवून ओणवे करून तपासत. पिशवीत आपोआप हवा भरे आणि स्वच्छ दिसे. युक्ती हुशारीची खरीच. पण त्या अवस्थेत थांबलेल्या बाईला काय वाटत असेल, ते मोजायची पट्टी त्या काळी कोणाजवळ नव्हती. शिवाय नळी घातल्यानंतर येणारा थंडीताप होताच. त्याला एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत "कॅथेटर फीव्हर" असे स्वतंत्र नावच पडले होते. जंतूंचे ज्ञान झाल्यावर आणि उपकरणे निर्जंतुक होऊ लागल्यावर तो पुष्कळ कमी झाला.

दुखणे कमी करण्याचा पहिला मोठा उपाय डोळ्याच्या डॉक्टरांकडून आला. व्हिएन्नाचे कार्ल कोलर यांनी १८८४ साली कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखवले. हायडेलबर्गच्या परिषदेला जायला त्यांच्याजवळ पैसे नव्हते, म्हणून निबंध दुसऱ्याने वाचून दाखवला. लवकरच मूत्रमार्गातही कोकेनचे द्रावण घालू लागले. भाग बधिर होई, पण तिथल्या नाजूक त्वचेतून औषध झपाट्याने रक्तात जाई. काही रुग्ण त्यानेच दगावले. तपासणी सुसह्य करायला गेले आणि जिवावर बेतले, असा प्रकार. सुरक्षित औषधाला अर्धे शतक लागले. स्वीडनमध्ये बार्लीतल्या एका द्रव्यावर काम करताना एका रसायनतज्ज्ञाने तयार पदार्थ जिभेवर ठेवून पाहिला आणि जीभ बधिर झाली. तो धागा पकडून १९४३ साली नील्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी लिडोकेन तयार केले. लुंडक्विस्ट यांनी ते स्वतःच्या अंगावर टोचून पाहिले. १९४८ पासून झायलोकेन या नावाने ते बाजारात आले. तपासणीआधी जी थंड जेली आत सोडतात ती याच औषधाची.

दुसरा मोठा बदल नळीत झाला आणि त्याच्या मुळाशी एका डॉक्टरांची अस्वस्थता होती. १९५१ साली लंडनमध्ये एका मेजवानीत भौतिकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याशेजारी ह्यू गेन्सबरो नावाचे डॉक्टर बसले होते. पोटात ताठ नळी घालताना रुग्णांचे किती हाल होतात, हे त्यांनी बोलून दाखवले. वाकणारी नळी करता येणार नाही का? हॉपकिन्स यांच्या मनात तो प्रश्न राहिला. केसासारख्या बारीक काचतंतूंची जुडी केली तर ती वाकेलही आणि प्रकाशही वाहून नेईल. या कामी त्यांचे विद्यार्थी होते पंजाबातल्या मोगा गावचे नरिंदरसिंग कपानी. १९५४ च्या जानेवारीत दोघांचा निबंध "नेचर" मध्ये छापून आला. कपानी यांना भारत सरकारने २०२१ साली मरणोत्तर पद्मविभूषण दिले. हॉपकिन्स यांनी पुढे १९५९ साली काचेच्या कांड्यांची नवी भिंगरचना केली, तीही लिव्हरपूलच्या एका मूत्ररोगतज्ज्ञाला मूत्राशयाची चांगली छायाचित्रे हवी होती म्हणून. वाकणारी दुर्बीण मूत्राशयासाठी रुळायला १९८० चे दशक उजाडले. आज तिची जाडी साधारण पाच मिलिमीटर असते आणि ती मूत्रमार्गाच्या वाकणांबरोबर वाकते. भूल न देता, दवाखान्यातच काम होते.

मला शिक्षक म्हणून सर्वांत आवडलेली गोष्ट त्यानंतरची. दुखणे मोजायला डॉक्टर रुग्णाच्या हातात दहा सेंटिमीटरची एक रेघ देतात. एका टोकाला काहीच दुखले नाही, दुसऱ्या टोकाला असह्य दुखले. रुग्णाने खूण करायची. म्हणजे दहापैकी गुण द्यायचे, आणि देणारा रुग्ण! ज्याला इतकी शतके बांधून ठेवले त्याला अखेर परीक्षक केले. या मोजमापातून साध्या साध्या गोष्टी बाहेर आल्या. ज्या पुरुषांना पडद्यावर स्वतःचे मूत्राशय पाहू दिले त्यांना कमी दुखल्याचे काही चाचण्यांत दिसले. दुर्बिणीचे टोक आतल्या आवळणाऱ्या स्नायूपाशी आले की पाण्याची पिशवी हाताने दाबायची, पाण्याच्या दाबाने वाट उघडते आणि कळ कमी येते. कोणी आवडते संगीत लावून पाहिले, तेही काही ठिकाणी उपयोगी पडले. गंमत अशी की बधिर करणाऱ्या जेलीबद्दलच चाचण्यांचे एकमत नाही. काहींत साध्या जेलीइतकाच गुण दिसला, काहींत जास्त, आणि तोही जेली घातल्यावर काही मिनिटे थांबले तर. औषधालासुद्धा थोडी सवड द्यावी लागते.

हे सगळे का महत्त्वाचे? कारण ही तपासणी अनेकांना एकदाच करून सुटका नसते. मूत्राशयाची कर्करोगाची गाठ काढली तरी ती पुन्हा उगवण्याची खोड असते, म्हणून पहिली काही वर्षे दर काही महिन्यांनी आत डोकावावे लागते. पहिल्या वेळी जो पोळला तो पुढच्या वेळी येत नाही. "थोडे दुखेल, त्यात काय एवढे" असे म्हणून जी गोष्ट आपण बाजूला सारतो, तिच्यावर रुग्ण परत येणार की नाही हे ठरते.

आता गणिताचे सर. माझ्या त्या कट्ट्यावरच्या गोष्टीनंतर चार-पाच वर्षांनी त्यांच्या लघवीतून रक्त गेले. दुखत काहीच नव्हते. उष्णता असेल म्हणून धण्याजिऱ्याचे पाणी घेतले, रक्त थांबले. तीन महिन्यांनी पुन्हा गेले, पुन्हा थांबले. घरी कोणाला सांगितले नाही. असे वर्षभर चालले. शेवटी मुलाच्या लक्षात आले आणि तपासणी झाली तेव्हा गाठ पिशवीच्या भिंतीत खोल उतरली होती. मी भेटायला गेलो तेव्हा ते हसून म्हणाले, "दुर्बीण म्हटली की तुमची ती गोष्ट आठवायची हो सर. धीरच होत नव्हता." रागाने नाही म्हणाले. रागाने म्हणाले असते तर बरे झाले असते. पुढच्या पावसाळ्यात ते गेले.

गेल्या वर्षी मला पुन्हा रक्त दिसले. दुसऱ्याच दिवशी गेलो. इस्पितळ दुसरे. डॉक्टरीणबाई माझ्या विद्यार्थिनींच्या वयाच्या. त्यांनी आधी खुर्ची ओढून समोर बसून सगळे सांगितले. वॉर्डातल्या मामांनी दार लावले, अंगावर चादर घातली. जेली घातल्यावर बाई घड्याळाकडे पाहत थांबल्या. "काका, आता एक कळ येईल, मी पाणी सोडते आहे, तुम्ही लघवी करायचा प्रयत्न करा. दहा आकडे मोजा." मी मोजले. सातव्या आकड्याला कळ आली आणि गेली. मग पडदा माझ्याकडे वळवला. फिकट गुलाबी भिंत, तिच्यावर लाल शिरांचे जाळे, नकाशातल्या नद्यांसारखे. आणि एका कोपऱ्यात शेवाळासारखे काहीतरी पाण्यात हलत होते. ते हलणे मी त्यांच्याबरोबरच पाहिले. गाठ लहान होती, वरवरची होती, काढली. आता दर तीन महिन्यांनी जातो. आवडीने नाही, पण जातो.

परवा कट्ट्यावरचे एक गृहस्थ मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मला डॉक्टरांनी दुर्बीण सांगितली आहे. फार दुखते का हो?" या वेळी मी तिखटमीठ लावले नाही. म्हटले, "दुखते, पण थोडे. आत जाताना एकदा कळ येते, मग लघवीला लागल्यासारखे होते. पाच मिनिटांत संपते. एक-दोन दिवस आग होईल, पाणी भरपूर प्या. आणि आत जाण्याआधी डॉक्टरांना सांगा की मला भीती वाटते आहे, काय करताय ते बोलत राहा. आणि पडदा दिसेल असा ठेवायला सांगा."

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुम्ही याल का बरोबर?"

सोमवारी सकाळी साडेनऊची वेळ मिळाली आहे. मी जाणार आहे.